टाकेताईचं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं, चाकांचं स्टूल आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या अडगळीच्या खोलीत, वाकलेल्या सलाइन स्टँडशेजारी माझा मुक्काम आहे.

कारखान्यातून मी थेट अपघात विभागात आलो. तिथे डॉक्टर उभ्यानेच खात, उभ्यानेच लिहीत. माझ्यावर ते बसायचे फक्त जखमेला टाके घालताना. त्यामुळे मला माणसं कळली ती त्यांच्या गुडघ्यांवरून. कुणाचे गुडघे स्थिर असत, कुणाचे थरथरत.

एका वर्षी शिकाऊ डॉक्टरांमध्ये एक मुलगी आली. वडील कपडे शिवायचे. तिचे टाके इतके नेटके असत की सिस्टरांनी तिचं नावच टाकेताई ठेवलं. रडणाऱ्या मुलाला ती विचारायची, "डोकंच फुटलंय ना? अक्कल नाही ना सांडली?" रडता रडता मूल हसायचं. वाईट बातमी सांगायची वेळ आली की ती मला नातेवाइकांजवळ ओढायची, बसायची आणि मगच बोलायची. त्यांचं रडणं थांबेपर्यंत उठायची नाही. मला माझ्या जन्माचं सार्थक वाटायचं.

पुढे तिच्या बरोबरीचे दोघं काम सोडून गेले. त्यांच्या ड्यूट्या तिच्या वाट्याला आल्या. एकेकदा सलग तीस तास. एवढं झेपत नाही म्हणून ती विभागप्रमुखांकडे गेली. माणूस वाईट नव्हता, पण "होते सवय" एवढंच म्हणाला. मग तिचा डबा न उघडता परत जाऊ लागला. गमती थांबल्या. वडिलांचा फोन आला की "बरी आहे" म्हणून ती ठेवून द्यायची.

एका दुपारी तळ्यात बुडालेल्या सहा वर्षांच्या मुलीला आणलं. टाकेताईने चाळीस मिनिटं तिची छाती दाबली. मुलगी गेली. त्या दिवशी तिने मला ओढलं नाही. आईला उभ्या उभ्या एका वाक्यात सांगितलं आणि ती वळली. पलीकडे बोट कापलेला एक माणूस दोन तास थांबल्याबद्दल तणतणत होता. ती माझ्यावर बसली, सुई हातात घेतली, आणि सुई पुढे जाईना. तिचे गुडघे लटलट कापत होते.

प्रमुखांनी येऊन सुई घेतली आणि टाके पुरे केले. तो माणूस गेल्यावर त्यांनी काय झालं म्हणून हळूच विचारलं.

"सर, ती आई माझ्यासमोर कोसळली आणि मला काहीच वाटलं नाही," ती म्हणाली. "मी पुढचा पेशंट कोण ते बघत होते."

हातमोजे काढत ते म्हणाले, "मलाही कित्येक वर्षांत काही वाटलेलं नाही."

त्यांना बिचाऱ्यांना धीर द्यायचा होता. ती मात्र त्यांच्याकडे बघतच राहिली. उरलेली ड्यूटी तिने पुरी केली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

दहा दिवसांनी तिचे वडील राजीनाम्याचं पत्र घेऊन आले. प्रमुखांनी ती कशी आहे ते विचारलं.

"झोपून असते," वडील म्हणाले. "दुकानात बसवलं, एक बटण लावायला दिलं. तासभर सुईकडे बघत राहिली. सर, आम्हाला फोनवर बरी आहे म्हणायची, आम्ही मानून घेतलं. आमचं चुकलंच. पण तुमच्या तर डोळ्यांसमोर होती ती. इथं तिला कुणी काही विचारलं का?"

प्रमुख माझ्यावर बसले. "वेळेवर नाही," ते म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांनी माझं एक चाक निखळलं. वॉर्डातल्या मावशींनी त्याच दिवशी माझ्या गळ्यात पुठ्ठा अडकवला, 'नादुरुस्त. वापरू नये.' मित्रांनो, मी पत्रा आणि रेक्झिन. माझी एवढी काळजी घेतली गेली. तिच्यासाठी तसा पुठ्ठा कुणी लिहिला नाही, आणि आपण आतून मोडलोय हे तिला तर स्वतःहून सांगताही आलं नाही.

तुमचं दुखणं घेऊन जेव्हा डॉक्टरांकडे जाल, तेव्हा समोरच्या चेहऱ्याकडेही एकदा बघा. तुमच्यातलं कुणी मोठेपणी अशा विभागाचं प्रमुख झालं, तर हाताखालच्या लेकरांजवळ बसून विचारा, कशी आहात. ती "बरी आहे" म्हणाली, तरी लगेच उठू नका.