अंश नसलेलं ड्रॉइंग

वर्कशॉपमध्ये करवतीच्या मशीनवर मामा होते. सख्खे ते कुणाचेच मामा नव्हते, पण मालकीणबाईंपासून रंगाऱ्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. या मामांनी अलीकडे चांगले चांगले पाइप चुकीचे कापून भंगारात घातले होते आणि मालकीणबाईंचा पारा चढला होता.

"आणखी एक तुकडा वाया जाऊ दे, मामांना करवतीवरून उठवते की नाही बघ," त्या वरच्या ऑफिसात कामांची ड्रॉइंगं काढणाऱ्या ड्रॉइंगवालीला म्हणाल्या. "बसतील गेटवर खुर्ची टाकून."

ड्रॉइंगवाली नवीन होती, पण मामांवर तिचा जीव होता. पहिल्याच दिवशी तिचं डुगडुगणारं टेबल न सांगता नीट करून देणारा माणूस तो! गेटवर बसवलं तर झुरून जाईल, हे काय ज्योतिष्याने सांगायला हवं? ती तडक खाली गेली.

जिन्याच्या कठड्याच्या चौकटींचं काम चालू होतं. कागदावर तिनेच लिहिलं होतं: तिरका काप, साठ अंश. मामांनी मशीनचा काटा साठावर नेला आणि पाइपचं टोक सुरीसारखं निमुळतं निघालं. तिने मशीनवरची अंशांची पट्टी पाहिली नि कपाळावर हात मारला. सरळ आडव्या कापाला मशीन शून्य धरत होतं, आणि ती कोन मोजत होती पाइपच्या कडेपासून. तिचे साठ म्हणजे मशीनचे तीस! आधीचा ड्रॉइंगवाला मशीनच्या हिशेबाने लिहायचा, हे तिला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चूक आपली निघाली म्हणून एवढा आनंद तिला जन्मात झाला नव्हता. तिने मालकीणबाईंची बोलणी खुशाल खाल्ली, सगळी ड्रॉइंगं बदलली आणि मामांना बजावलं, "आता मी लिहीन तोच आकडा मशीनवर लावायचा."

दुसऱ्या दिवशी मामांच्या हातात पुन्हा तसंच निमुळतं टोक!

"तीस लिहिलेत ना मी, मामा?"

"हो. मग नव्वदातून वजा केले की. तुझं नि मशीनचं उलटं असतं, तूच म्हणालीस ना काल?"

"पण आता ते बदललंय. तेही सांगितलं होतं."

मामांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सांगितलं होतंस?"

मामा स्टुलावर टेकले.

"थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "हात चालतात गं अजून. आकडे तेवढे निसटतात. बाईंना सांगू नकोस."

तिने तो तुकडा एका आखूड भागासाठी बाजूला ठेवला आणि वर जाऊन कागद पुन्हा काढायला घेतले. या वेळी तिने अंश लिहिलेच नाहीत. पाइपच्या वरच्या कडेची लांबी आणि खालच्या कडेची लांबी, बस्स. दोन खुणा करायच्या, रेघेने जोडायच्या आणि पातं रेघेवर आणायचं. वजाबाकी नको की लक्षात ठेवणं नको. मामांचे हात खरंच पक्के होते. चौकटी अशा जुळल्या की सांध्यात कागदही शिरेना.

मालकीणबाई बघायला आल्या. चौकटी पाहून खूश झाल्या आणि ड्रॉइंग पाहून चक्रावल्या. "यात कोन कुठाय? हे कसलं ड्रॉइंग?"

"कोनांत माझी गडबड होते, बाई," ड्रॉइंगवाली म्हणाली. "मागे पाहिलंत ना. म्हणून लांब्याच देते."

"एवढं शिकून कोन येत नाहीत? कमाल आहे बाई तुझी!"

वेल्डर फिदीफिदी हसला. तिचे कान तापले, पण तिने मान खाली घातली. तेवढ्यात करवत थांबली. मामा हात पुसत आले, तेव्हा ती घाबरलीच. आता हे सगळं खरं सांगून टाकतात की काय?

मामांचे डोळे भरले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू द्या हो बाई," ते म्हणाले. "येईल तिला हळूहळू. मी आहे ना इथे."