आधी लहान ठेवीदार

मी एक जुना बाक आहे. यावलच्या ज्या पतसंस्थेच्या ओट्यावर मी आहे, तिचे व्यवहार कधीच बंद पडले. आता आतल्या एका खोलीत दर सोमवारी सरकारने नेमलेले प्रशासक साहेब बसतात आणि बाहेर माझ्यावर लोक बसतात. मित्रांनो, वाट पाहणाऱ्या माणसाचे वजन वेगळे असते. ते एका जागी स्थिर राहत नाही.

चिंधा मिस्तरीने मला बांधावरच्या वाळलेल्या बाभळीतून घडवले. बाभूळ सहजासहजी खिळा घेत नाही. मिस्तरीने मला बऱ्याच शिव्या दिल्या आणि शेवटी पाठीवर थाप मारली. तेव्हा पतसंस्था एका खोलीची होती. केळी-मजुरांच्या संघटनेचे चुडामण नाना घड वाहणाऱ्या बायकांना घेऊन आले आणि त्यांना माझ्यावर बसवून त्यांची खाती उघडली. मोठ्या बँकांवर नानांचा भरवसा नव्हता. "त्या बड्यांच्या. ही सहकारी आहे, म्हणजे आपली," असे ते म्हणत.

आपली आहे म्हटल्यावर कोणी फारसे विचारत नसे. वार्षिक सभेला भरीत-पुरीचा बेत असे. वांगी भाजल्याचा वास ओट्यापर्यंत आला, की अहवाल अर्धा वाचून होतो न होतो तोच "मंजूर, मंजूर" असा गजर होई. पुऱ्या गार होत होत्या ना! नानाही त्या गजरात असत.

पतसंस्था मोठी झाली. काचेची केबिन आली, सोफा आला आणि मी ओट्यावर आलो. माझ्यावर बसणाऱ्यांकडून ठेवी घेतल्या जात आणि सोफ्यावर बसणाऱ्यांना कर्जे मिळत. मग एका सकाळी शटर वर गेलेच नाही. संचालकांनी आपल्याच सोयऱ्यांना कर्जे वाटली होती आणि सोयऱ्यांनी ती परत केली नव्हती.

त्याच दिवसांत मुंबईतली एक बडी बँक डगमगली आणि तिला सावरायला इतर बँकांचा पैसा धावून गेला. समोरच्या टपरीवर टीव्हीत हे चालले होते. भुसावळचे निवृत्त रेल्वेवाले पितांबर भाऊ चहा फुंकत म्हणाले, "वाचवावीच लागते, नाना. मोठं झाड पडलं, तर खालच्या झोपड्याबी जातात."

"वाचवा की. मी कुठं नाही म्हणतो?" नाना म्हणाले. "पण पैसा लोकांचा लावला, तर बँकबी लोकांची करा. बुडवणाऱ्याला खुर्चीवरून उठवा. नफा होता तवा त्यांच्या घरचा होता, तोटा आला की तो सगळ्या गावाचा! आणि आमची झोपडी झाडाविना पडली, तिच्याकडं कोण धावलं?"

"हे भाषण मला पाठ झालंय, नाना."

"मग चहाचे पैसे तू दे."

पुढे प्रशासकांनी एका संचालकाचे शीतगृह विकले आणि थोडी रक्कम हाती आली. ती सर्वांना सारख्या टक्क्याने वाटायची, की लहान ठेवी आधी पूर्ण परत करायच्या, हे ठेवीदारांनी सुचवावे, असे ते म्हणाले. सारखा टक्का म्हणजे ज्याचे जास्त त्याला जास्त. मंजुळाबाईसारख्या घड वाहणाऱ्या बाईच्या हाती त्यातून आठवडी बाजाराची पिशवी भरण्याइतकेच पडले असते.

नानांची ठेव मात्र लहान नव्हती. पहूरची वाटणीची जमीन विकून आलेला पैसा त्यांनी मुलीच्या, चारुलताच्या घरासाठी ठेवला होता. खाते दोघांच्या नावावर होते. ती भुसावळला शाळेत शिकवते आणि भाड्याच्या खोलीत राहते. लहान आधी म्हटले, तर या दोघांची पाळी सर्वांत शेवटी येणार होती.

सभा ओट्यावरच भरली. माझ्यावर एका टोकाला पितांबर भाऊ, मध्ये चारुलता आणि पलीकडे नाना. नाना म्हणाले, "आधी लहान ठेवीदार."

"नाना, माझी पेन्शनीची पुंजी आहे," पितांबर भाऊ म्हणाले. "मी काय चोरी केली?"

"नाही केलीस. पण तुला दर महिन्याला पेन्शन येते. मंजुळाला काय येतं?"

चारुलता हळू आवाजात म्हणाली, "नाना, तुमचं तत्त्व माझ्या घराच्या पैशावर का?"

नाना म्हणाले, "आपल्याच पैशावर सांगायचं असतं, बेटा. दुसऱ्याच्या पैशावर सांगणारे त्या काचेच्या खोलीत बसून गेले."

प्रशासक म्हणाले, "मान्य असेल त्यांनी उभं राहावं." नाना उठले. चारुलताची बोटे माझ्या कडेला घट्ट रुतली होती. मला वाटले, ही उठणार नाही. मग बोटे सुटली आणि ती उठली. त्याबरोबर टोकाला एकटे उरलेले पितांबर भाऊ मला घेऊनच धाडकन खाली आले. सगळी सभा हसली. नानांनी हात देऊन त्यांना उठवले.

"लिहून घेऊ नका, साहेब," पितांबर भाऊ धोतर झटकत म्हणाले. "हात घेतला, मत नाही दिलं!"

तरी ठराव झाला. लहान ठेवी पूर्ण परत मिळाल्या. मोठ्यांसाठी दुसरी रक्कम अजून यायची आहे.

मित्रांनो, मला रंग द्या, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगतो, की 'आपले' म्हणून जे दाखवले जाते, त्याची निगा आपणच राखायची असते. झाडूने फक्त ओटा स्वच्छ राहतो. आतले नीट राहावे, तर आत जाऊन विचारावे लागते.

यंदा थंडीत नाना गेले. दिवस-कार्य आटोपल्यावरच्या सोमवारी खात्यावरचे नानांचे नाव कमी करायला चारुलता मृत्यूचा दाखला घेऊन भुसावळच्या बसने आली. तिला उशीर झाला होता. इकडे रांगेत जागा धरायला लोक चपला काढून ठेवतात. दारापासून पायरीपर्यंत चपलांची रांग लागलेली होती आणि घड वाहणाऱ्या सगळ्या बायका अनवाणी माझ्यावर, ओट्यावर, मिळेल तिथे बसल्या होत्या.

चारुलता चक्रावली. "मंजुळाबाई, तुमचं तर मिळालं ना?"

मंजुळाबाईचे माहेर धुळ्याकडचे. बोली अजून तिकडचीच आहे. ती म्हणाली, "मिळनं ना. बठ्ठास्नं मिळनं." सगळ्यांचेच मिळाले होते.

"मग आज का आलात?"

"तुन्हं बाकी शे ना, माय."

चारुलताने चपला काढल्या आणि रांगेच्या शेवटी ठेवल्या. मंजुळाबाई उठली. तिने त्या चपला दोन्ही हातांनी उचलल्या आणि दाराजवळ, सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवल्या.