पडद्यातला डायवर

पुष्पाबाईच्या रस्त्याकडच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. उंद्री गावातल्या अर्ध्या बाया आत, उरलेल्या ओट्यावर, आणि पुरुषमंडळी "आपण काही मानत नाही बे असलं" म्हणत खिडकीच्या गजांना चिकटलेली. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला झेंडूचा हार. माउसची वायर उत्तमबुवांनी सगळ्यांदेखत उपसून काढली होती आणि तो बिचारा माउस हळदकुंकू लावून ताटात ठेवला होता. तरी पडद्यावरचा बाण फिरत होता.

"वायर नहीं, हात नहीं, फिर भी चलता है!" बुवा गरजले. माणूस संग्रामपूरकडचा, पण अंगात आलं की त्याला हिंदी फुटायची. "बोल डायवर, आला का तू?"

पडद्यावर एका बाजूला 'हो' आणि दुसऱ्या बाजूला 'नाही' असं मोठ्या अक्षरांत होतं. बाण थरथरला, सरकला आणि 'हो'वर जाऊन थांबला. बायांचे पदर डोळ्यांना लागले.

डायवर म्हणजे पुष्पाबाईचा नवरा गोपाल. त्यानं जन्मभर उंद्री-खामगाव काळीपिवळी जीप चालवली. गावाला त्याचं खरं नाव आठवावं लागायचं. गेल्या वर्षी रस्त्यात टायर बदलताना जॅक सरकला आणि तो गाडीखाली सापडला. पुष्पाबाई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मग दिवाळीनंतर त्या कॉम्प्युटरचा माउस बिघडला. वहिनीच्या खोलीत दीर ज्ञानेश्वर ऑनलाइन सेंटर चालवायचा. बाण अडखळायला लागला, पडद्यावर इंग्रजी सूचना आली आणि ज्ञानेश्वरनं ती मोठ्यानं वाचली, "माउस ड्रायव्हर सापडत नाही." सातबारा काढायला आलेली एक म्हातारी दचकून उठली. "अवं माय! याच्यात डायवर आला!" ज्ञानेश्वर त्या दिवशी खो खो हसला होता. पुढच्या आठवड्यात उत्तमबुवांना घेऊन आला, तेव्हा मात्र हात जोडून उभा होता.

तेव्हापासून दर रविवारी डायवर यायचा. पुष्पाबाई त्याच्याशी काय काय बोलली! एकदा गर्दी पांगल्यावर, दीर तेवढा मागच्या कोपऱ्यात जप करत असताना, तिनं कुणालाच न विचारलेला प्रश्न विचारला. "लय दुखलं का हो तुमाले?" बाण 'नाही'वर गेला. त्या दिवशी वर्षभरानं ती पोटभर जेवली.

आणि मागच्या रविवारी डायवरनं ही खोली ज्ञानेश्वरच्या नावावर करायला सांगितली. खोली गोपालनं लेकीसाठी, पूनमसाठी बांधली होती. पुष्पाबाईच्या मनाला ते लागलं. पण खुद्द नवराच सांगतो म्हटल्यावर तिनं कोणाशी भांडायचं? उद्या चिखलीला कचेरीत जाऊन सही करायची होती. म्हणून आज पूनमही खामगावहून आली होती. ती तिथं कॉम्प्युटर शिकत होती.

"बाबाले मी काही विचारू का?" पूनम म्हणाली.

"पूछो बेटी, पूछो! श्रद्धा पायजे फक्त."

पूनम खुर्चीवर बसली. हे मशीन जुनं म्हणून त्यात लिनक्स तिनंच टाकलं होतं. तिनं बटणं दाबून एक काळी चौकट उघडली आणि त्यात एक ओळ टाइप केली. बाण जागीच थिजला.

"विचारा आता, बुवा."

"डायवर! हाजिर हो!" बुवांनी अंगारा उधळला. बाण ढिम्म. बुवांनी दुप्पट उधळला, पहिल्या रांगेतल्या बाया शिंकल्या, पण बाण काही हलेना.

पूनमनं दुसरी ओळ टाइप केली. बाण टुणकन उडाला आणि वेड्यासारखा गरगर फिरला. बाया ओरडल्या. पूनमनं पुन्हा पहिली ओळ टाकली. बाण पुन्हा मेला.

"तू काय करून राह्यली वं?" पुष्पाबाई पुढं सरसावली. "त्याले काऊन छळतं?"

"आई, बाबाले नाही छळत. माउस हलला की कॉम्प्युटरले ते समजावून सांगणारा एक प्रोग्राम असते, त्याले ड्रायव्हर म्हणतात. मी तो काढला की बाण थांबते, टाकला की चालते. आत्म्याले माउसचा ड्रायव्हर काऊन लागते?" ती उठली, कॉम्प्युटरच्या मागं हात घातला आणि नखाएवढा काळा तुकडा उपटून सगळ्यांना दाखवला. "हे बिनवायरच्या माउसचं आहे, त्याचा इशारा पकडणारं. ताटातला माउस दाखवाले. चालणारा दुसराच आहे, अन् तो याच खोलीत आहे."

ती कोपऱ्याकडं वळली. "काका, गोमुखीतला हात बाहेर काढा."

ज्ञानेश्वरनं आयुष्यात कधी माळ धरली नव्हती. बुवा आल्यापासून मात्र त्याचा उजवा हात त्या जपाच्या पिशवीबाहेर दिसत नसे, आणि गाव म्हणे, भावाच्या दुःखानं सुधारला. तो उठायला गेला. पिशवी मांडीवरून घसरली आणि तिच्यातून माळेऐवजी माउस फरशीवर पडला.

बुवांना एकाएकी संग्रामपूरची आठवण झाली. चपला न शोधताच ते निघाले. खिडकीतल्या न मानणाऱ्या मंडळींनी त्यांना ओट्यावरच धरलं.

"वहिनी," ज्ञानेश्वर पुटपुटला, "तुमाले धीर यावा म्हणून केलं जी."

पुष्पाबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हा शाळेत जात होता. त्याचा डबा तिनं भरला होता.

"खोली पायजे होती, तर मागाची होती," ती म्हणाली. "म्या नाही म्हटलं असतं, तर भांडला असता. पण दुखलं का म्हणून म्या त्याले विचारलं, तवा जवाब कोनं देल्ला? तूच न?"

ज्ञानेश्वरनं फरशीवरचा माउस पायानं मागं सरकवला.

"तुले काय ठाऊक, त्याले दुखलं का नाही ते? महिनाभर म्या त्या 'नाही'वर जगली रे. आता मले पुन्हा काहीच ठाऊक नाही."

पूनमनं आईचा हात धरला. पुष्पाबाईनं डोळे पुसले, कॉम्प्युटरवरचा हार काढून टेबलावर टाकला आणि बायांकडं तोंड केलं.

"बायांनो, घरी जा. उद्या कोनाच्या घरात माणूस जाईन, अन् मंग हे लोक तिच्या दारात येतीन. आपलं दुःख पाहूनच येतात हे. माझा डायवर गेला. तो बोलत नाही, बोलणारबी नाही. मेलेल्याच्या नावानं जो कोनी जवाब देईन, पयले त्याचा हात पाहा कुठी आहे ते."