पेनसिल्व्हेनियातलं एक मत

रेणूला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, त्या दिवशी समारंभाचे फोटो नीलांबरीने काढले. त्याआधी परीक्षेचा अभ्यासही तिनेच करून घेतला होता. सिनेटर किती, सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती, राष्ट्राध्यक्षानंतर कोणाचा नंबर, हे सगळं नीलांबरीला तोंडपाठ होतं. रेणू दर वेळी अडखळायची आणि म्हणायची, "नीलू, माझ्या नावाने तूच जा यार. मी गाडीत बसते."

नीलांबरी हसायची. पण घरी परतताना डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की तिचा चेहरा उतरायचा.

दोघी पुण्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये एका खोलीत होत्या. अमेरिकेत नीलांबरी आधी आली, नवऱ्याबरोबर, केदारबरोबर. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, राहायला न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला. त्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज इतकी वर्षं रांगेत होता की आताशा ते त्याबद्दल बोलतही नसत. रेणू चार वर्षं मागून आली. तिच्या नवऱ्याला, यतीनला, कंपनीने मॅनेजर म्हणून पाठवलं होतं आणि त्या वर्गाची रांगच छोटी होती. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात यार्डलीला त्यांनी घर घेतलं, ग्रीन कार्ड आलं, पाठोपाठ नागरिकत्वही आलं. यात रेणूचा काही दोष नव्हता. नीलांबरीला ते कळत होतं, पण कळून काही फरक पडत नव्हता.

खरी आग लागली ती दोन हजार चोवीसच्या निवडणुकीत. न्यू जर्सीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, कारण तिथला निकाल सगळे गृहीतच धरून चालले होते. पेनसिल्व्हेनिया मात्र इकडेही झुकू शकत होतं आणि तिकडेही. म्हणून रेणूच्या मेलबॉक्समध्ये रोज चकचकीत पत्रकांचा गठ्ठा. फोन, मेसेज, दारावर माणसं. रेणू वैतागायची. "काल संध्याकाळी तीन वेळा बेल वाजली गं. वरण लागलं माझं."

एकदा नीलांबरी तिथे असतानाच बेल वाजली. कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी क्लिपबोर्ड घेऊन दारात उभी होती. दोघींकडे बघून तिने हसून विचारलं, तुम्ही दोघी मतदार आहात ना? नीलांबरी म्हणाली, "नाही, मी मत देऊ शकत नाही." मुलगी "ओह" म्हणाली आणि रेणूकडे वळली. पुढे तिने शेतीपासून सुप्रीम कोर्टापर्यंत जे काही सांगितलं ते सगळं रेणूला. रेणू मान हलवत होती. मुलीने दिलेला एक आकडा चुकीचा होता. नीलांबरीने तो दुरुस्त केला, तेव्हाही मुलीने "थँक यू" म्हटलं ते रेणूकडेच बघून.

नीलांबरीने त्या वर्षी एकही डिबेट चुकवली नव्हती. ऑफिसला जाता-येता ती निवडणुकीचे पॉडकास्ट ऐकायची. निळ्यांनी, म्हणजे डेमोक्रॅट्सनी, लाल रिपब्लिकनांना हरवावं असं तिला मनापासून वाटत होतं. तिची मुलगी अनिका इथेच जन्मलेली, नववीत. ती एकदा जेवताना सहज म्हणाली, "आई, आय विल वोट बिफोर यू." केदार हसला. नीलांबरीने ताट उचललं आणि सिंकपाशी जाऊन उभी राहिली.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ती चकल्या करायला रेणूकडे गेली. दर वर्षीची पद्धत होती ती, भाजणी नीलांबरीची आणि तेल रेणूचं. रेणूच्या सासूबाई कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला होत्या, त्यांना एकटं ठेवता येत नसे. म्हणून रेणूने मत टपालाने द्यायचं ठरवलं होतं. चकल्यांचा पहिला घाणा निघाल्यावर तिने हात धुतले आणि काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीकडून, आलेला लिफाफा फोडला.

"देऊन टाकते एकदाचं," ती म्हणाली. "नाहीतर पुढच्या आठवड्यात विसरेन."

तिने मतपत्रिका ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवली आणि डाव्या हाताने आडोसा करून पेनाने गोल भरले. शाळेत शेजारणीने बघू नये म्हणून मुली करतात तसा आडोसा. नीलांबरी कढईपाशी उभी होती. आपल्यापासून लपवते आहे ही, असं तिला वाटलं, आणि ते तिला फार झोंबलं.

रेणूने मतपत्रिकेची घडी घातली आणि ती थेट बाहेरच्या मोठ्या पाकिटात सरकवली. आतलं पिवळं पाकीट ओट्यावरच राहिलं.

नीलांबरीला ते लगेच दिसलं. पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका आधी त्या पिवळ्या पाकिटात बंद करावी लागते आणि मग बाहेरच्या पाकिटात घालावी लागते. तशी घातली नाही तर मत बाद होतं. किती पॉडकास्टवर ऐकलं होतं तिने.

"सही इथेच ना?" रेणूने विचारलं.

"हो. तारीखही टाक," नीलांबरी म्हणाली.

"बरं झालं सांगितलंस. मी विसरले असते." रेणूने तारीख टाकली, कडेला जीभ फिरवली, पाकीट चिकटवलं. मग ओट्यावरची पत्रकं, सूचनांचा कागद आणि ते पिवळं पाकीट सगळं एकत्र गोळा करून तिने रद्दीच्या डब्यात टाकलं.

नीलांबरीने पुढची चकली तेलात सोडली. बोलायला अजून वेळ होता. रेणू चपला घालून कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी जाऊन परत आली, तोपर्यंत होता. नंतर नव्हता.

पूल ओलांडताना त्या दिवशी तिचा चेहरा उतरला नाही. उलट तिला हलकं वाटत होतं. आपण काही केलेलं नाही, ती स्वतःशी म्हणाली. सूचना मोठ्या अक्षरांत छापलेल्या असतात. ज्यांना मत फुकट मिळतं त्यांनी निदान त्या वाचाव्यात.

हा हलकेपणा दिवाळीच्या पार्टीपर्यंत टिकला. पार्टी रेणूकडेच होती. कोणीतरी निवडणुकीचा विषय काढला आणि रेणू सगळ्यांसमोर म्हणाली, "माझं पहिलं मत नीलूमुळे नीट गेलं. नाहीतर मी तारीखच टाकली नसती." आणि तिने नीलांबरीच्या खांद्यावर हात टाकला. नीलांबरीच्या हातात करंजी होती. ती तिने न खाता बशीत ठेवली.

गाडीत तिने केदारला सगळं सांगितलं.

"मतदानाच्या दिवशी सेंटरवर जाऊन तिला पुन्हा देता येतं ना?" त्याने विचारलं.

"येतं. तात्पुरती मतपत्रिका देतात, प्रोव्हिजनल. पाठवलेलं बाद ठरलं तर ती मोजतात."

"मग सांग तिला."

"काय सांगू? मी बघत उभी होते म्हणून?"

"तेच," केदार म्हणाला.

त्यानंतर चार वेळा तिने फोन हातात घेतला आणि ठेवला. मंगळवारी, मतदानाच्या दिवशी, तिने ऑफिसला येत नसल्याचं कळवलं आणि सकाळीच यार्डलीला गेली. रेणूने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात सासूबाईंच्या औषधांचा डबा होता.

"आज कशी काय? बरी आहेस ना?"

"रेणू, तुझं मत बाद होणार आहे," नीलांबरी दारातच म्हणाली. "ते पिवळं पाकीट आत घालायचं होतं. तू टाकून दिलंस."

"अरे देवा. कधी कळलं तुला?"

"तेव्हाच."

"तेव्हाच म्हणजे? चकल्या करताना?"

"हो."

"तू मला तारीख टाकायला सांगितलीस."

"हो."

"मग हे का नाही सांगितलंस?"

नीलांबरीने कारणं तयार करून आणली होती. त्यातलं एकही तिला आठवेना. "मला तुझा हेवा वाटतो," ती म्हणाली. "खूप वर्षं झाली. तुला मिळालं ते मला हवं होतं, आणि तुला त्याचं काही वाटतही नव्हतं."

रेणूने औषधांचा डबा शेजारच्या टेबलावर ठेवला. तिचे डोळे भरून आले, पण आवाज शांत होता. "वाटत नव्हतं हे कोणी सांगितलं तुला?"

रेणूने तिला आत घेतलं आणि दार लावलं.

"मी कोणाला मत दिलं माहितेय? लालला. यतीनला माहीत नाही. तू दोन वर्षं मला ऐकवते आहेस, यतीन ऐकवतो आहे, दारावरची ती पोरगीही ऐकवून गेली. कोणी मला विचारलं नाही. घर मी चालवते, आईंना रात्री बघायला येणाऱ्या बाईचा पगार मी काढते, बाजारात भाव काय झालेत ते मला दिसतं. त्या पाकिटात होतं तेवढंच फक्त माझं होतं."

नीलांबरीच्या डोक्यात एकामागून एक मुद्दे उभे राहिले. प्रत्येकाला उत्तर होतं तिच्याकडे, आकड्यांसकट. आणि त्याच वेळी तिला हेही दिसलं की आत्ता गप्प बसून ती घरी निघून गेली तर एक लाल मत कमी होईल.

"तू जा," ती म्हणाली. "मी काकूंजवळ बसते."

"मी लालला देणार, तरीही?"

"मशीनवर नको म्हणतील, तुझं टपालाचं पोचलंय म्हणून. प्रोव्हिजनल माग. नाही म्हटलं तरी हटू नकोस, तुझा हक्क आहे तो."

रेणूने तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं, किल्ली घेतली आणि गेली.

काकू जाग्या होत्या. नीलांबरीने त्यांना उशी लावून बसवलं, चहा दिला. "रेणू कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"मत द्यायला."

"तू नाही जात?"

"मला इथे मत नाही, काकू."

"मग कुठे आहे? पुण्याला?"

"पुण्याच्या यादीतून नाव केव्हाच गेलं असेल. घर बंद झालं ना."

"म्हणजे कुठेच नाही," काकू म्हणाल्या आणि बशीत चहा ओतू लागल्या. त्या दुखवायला बोलल्या नव्हत्या. नीलांबरीने त्यांच्या अंगावरची शाल नीट केली, मग खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली. रडू आवरायला तिला बराच वेळ लागला.

रेणू परत आली ती तास-दीड तासाने. "दिलं," एवढंच म्हणाली. पाणी प्यायली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तिथल्या बाईने विचारलं, पाकिटाचं कसं कळलं. मी म्हटलं मैत्रिणीच्या लक्षात आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलांबरी उठली तेव्हा केदार स्वयंपाकघरात टीव्ही लावून बसला होता. पेनसिल्व्हेनिया लाल झालं होतं, आणि त्याबरोबर सगळंच ठरलं होतं. रेणूच्या काउंटीतला फरक अगदी थोडा होता, पण तीही तिकडेच गेली होती. न्यू जर्सी निळं राहिलं, पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी फरकाने. केदारने तिच्यापुढे चहा ठेवला. "एका मताने काही झालं नसतं," तो म्हणाला.

"मला माहितेय," ती म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, राग येत होता, आणि या सगळ्याखाली जुना हेवाही होता, तसाच, जागच्या जागी. राज्याने जे ठरवलं त्यात रेणूचा हात होता. तिचा नव्हता.

काही दिवसांनी रेणूचा मेसेज आला, काउंटीच्या वेबसाइटचा फोटो. प्रोव्हिजनल मतपत्रिका मोजली गेली, असं त्यावर होतं. नीलांबरीने लिहिलं, "छान." खूप वेळ तिने त्या शब्दाकडे पाहिलं आणि मग पाठवून दिला.

मैत्री तुटली नाही. नाताळच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबं एकत्र जेवली, काकूंच्या नव्या वॉकरचं कौतुक झालं, अनिकाने रेणूमावशीकडून गाजरहलवा शिकून घेतला. फक्त एक गोष्ट बदलली. पूर्वी कसलाही सरकारी कागद आला की रेणू त्याचा फोटो पाठवून विचारायची, नीलू, हे काय आहे, कुठे सही करू? वसंतात स्थानिक निवडणुकीची मतपत्रिका तिच्या घरी आली असणार. नीलांबरी वाट बघत राहिली. रेणूने विचारलं नाही.