पुतळ्याच्या मणक्याचं दुखणं

वजाबाबा एक चप्पल मागं टाकून पळाले. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. बाबा अजून मामांच्या लाँड्रीत स्टुलावर बसलेत, दोन्ही चपला पायांत आहेत आणि रांग पार कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत गेली आहे.

"बाकीचे बाबा देतात," बाबा गरजले, "मी वजा करतो!"

रांग गहिवरली. बाबांनी एका म्हाताऱ्याच्या गळ्यात जाळीची पुरचुंडी अडकवली. आत गुलाबी शोषमणी. मणी दुखणं शोषतो, शोषता शोषता झिजतो; मणी संपला की दुखणं संपलं. आणि मणी खरंच झिजत होते, हीच तर पंचाईत होती.

मामा इस्त्री फिरवत होते, पण जीव टांगणीला लागलेला. मणी बांधल्यापासून मामींनी बीपीचं औषध बंद केलं होतं. काल त्या चक्कर येऊन पडल्या. खाली चादरींचा ढीग होता म्हणून निभावलं.

"अगं, निदान आजची तरी गोळी घे."

"अहो, मणी वाटाण्याएवढा झालाय! काठावर येऊन गटांगळी खाऊ का?"

मामांनी इस्त्री पुढं रेटली. डोळ्यांदेखत झिजलेल्या मण्याशी वाद कसा घालणार? तसे ते भोळे नव्हते. लोकरी कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्यांचा डबा हल्ली भराभर रिकामा होत होता, तेव्हाही ते घाबरले नव्हते. डांबरगोळ्या हवेत उडून जातात, एवढं धंद्यानं शिकवलं होतं.

तेवढ्यात त्यांची भाची आली. शाळेत विज्ञान शिकवायची. दारातच तिला शिंकांवर शिंका.

"मामा, केवढा हा डांबरगोळ्यांचा वास!"

"कसला वास?" मामा-मामी एकदम म्हणाले. त्या वासात त्यांचा संसार झाला होता. दोघांच्या नाकांनी केव्हाच राजीनामा दिला होता. रांगेला वास येत होता, पण लाँड्रीला लाँड्रीचा वास यायचाच.

भाचीनं शोकेसकडे पाहिलं. कोट घातलेल्या पुतळ्याच्या गळ्यातही पुरचुंडी!

"नणंदेसाठी घेतलाय जास्तीचा," मामी म्हणाल्या. "खुंटी रिकामी नव्हती."

"पण हाही निम्मा झिजलाय. बाबा, पुतळ्याला काय झालंय?"

बाबांनी डोळे मिटले. "मणक्याचा विकार. किती वर्षं उभा आहे बिचारा!"

रांगेला पटलं. एका बाईनं पुतळ्यासाठी खुर्चीसुद्धा आणली.

भाचीनं हुज्जत घातली नाही. मामींच्या गळ्यातला मणी काढून काचेच्या बरणीत टाकला, बरणी कोमट बॉयलरला टेकवली आणि तोंडावर बर्फाच्या पाण्याचं वाडगं ठेवलं. थोड्या वेळानं वाडग्याच्या बुडाला पांढरे, चकचकीत पापुद्रे धरले.

"मामी, हे बघा तुमचं बीपी. परत आलं!"

"अगंबाई! आता ठेवू कुठं ते?"

"कुठं नको. ही रंगवलेली डांबरगोळी आहे. काही पदार्थ वितळायच्या भानगडीत न पडता घनाचे थेट वायू होतात. त्याला संप्लवन म्हणतात. गारवा लागला की पुन्हा घन. पदार्थ तोच, फक्त अवस्था बदलली. रंग उडत नाही, म्हणून तो बरणीच्या तळाशी राहिला. दुखणं कुणी शोषलं नाही, मामी. ते तुमच्याकडेच आहे."

मामांनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं. मग बाबांच्या फुगलेल्या झोळीकडे. "म्हणजे माझ्या गोळ्या उडाल्या नाहीत! दरबार लाँड्रीतच का, तर वास लपतो आणि माल फुकट!"

"आता मी स्वतःलाच वजा करतो," म्हणत बाबा सुटले. चपलेचं तुम्हांला ठाऊकच आहे.

मामींनी औषध घेतलं. घोट घशाखाली उतरेपर्यंत मामा एकटक बघत राहिले आणि इस्त्रीखाली गिऱ्हाइकाचा शर्ट करपला. हा मात्र रासायनिक बदल. बर्फात ठेवा नाहीतर बाबांकडे न्या, शर्ट परत येत नाही.

तेव्हा मंडळी, चमत्कार गळ्यात बांधण्याआधी तो पुतळ्याच्या गळ्यात बांधून बघा. आणि डॉक्टरांचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीच्या दारावर पाटी लागली:

"वातावरणास नम्र विनंती. आमच्या दुकानातून आपणाकडे वायुरूपात जमा झालेल्या सर्व डांबरगोळ्या मूळ आकारात, रंग काढून, कामाच्या वेळेत काउंटरवर परत कराव्यात. जाताना उजव्या पायाची चप्पल घेऊन जावी."