सदाशिवाच्या काळजाचा सूड

मित्रांनो, मी एक जुने हृदय आहे. प्रेम, दया, धैर्य, सारे माझ्यातच वसते, असे तुम्ही निबंधात लिहिता. खरे सांगायचे तर मी पंप आहे, आणि सध्या सूड उगवण्याच्या कामात आहे.

माझा मालक सदाशिव, मुक्काम मांद्रे. एरवी पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो आणि जत्रेच्या नाटकात दरवर्षी राजा होतो. राजाला शाप मिळतो, त्या प्रवेशात एके वर्षी मी अचानक उधळले. सदाशिव घामाने भिजला, थरथरला, त्याची वाचाच बसली. लोक म्हणाले, "काय अभिनय!" पुढे दरवर्षी तसेच होऊ लागले. धावले मी, शाल मिळाली त्याला.

मग जिना चढतानाही मी उधळू लागले. डॉक्टर म्हणाले, आत विजेची एक जादा वाट आहे, जाळून टाकू. घरच्यांनी देवळात कौल लावला. मूर्तीवरची उजवी पाकळी पडली, देवाची संमती मिळाली. माझी कोणी विचारली नाही. मांडीतून तार वर आली आणि मला डाग दिला गेला. वर सदाशिव गावभर सांगत सुटला, "आता घड्याळासारखा चालता!"

मी तालमीची वाट पाहिली. शापाच्या आधीच असे धडधडले की राजा मटकन खाली बसला. त्याची बायको सुमंगला धावत आली.

"झाला परत सुरू? आग लागो त्या पार्टाक! महादेवाक देवन टाका."

"तुज्या भावाक? त्यापरास मी स्टेजार मरान!"

दोघे डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून पाहिली. "जखम भरेपर्यंत अशी धडधड होते. हळूहळू थांबेल. करा नाटक."

माझा एवढा सूड, आणि त्याची ही किंमत! मग मी डाव बदलला. पुढच्या तालमीत एकदाही उधळले नाही. शाप आला, राजा खांबासारखा उभा. घाम नाही, थरथर नाही. दिग्दर्शक विठूने त्याच्या डोक्यावरचा मुकुट काढून महादेवाच्या डोक्यावर ठेवला.

तेव्हा मित्रांनो, आपल्या हृदयाची काळजी घ्या. जिना सावकाश चढा, गोळ्या वेळेवर घ्या, आणि त्याच्या कष्टांची शाल स्वतःच्या खांद्यावर मिरवू नका.

त्या तालमीहून परतताना सुमंगलेने विठूला विचारले, "थरथरले नाय म्हणान पार्ट काढलास?"

"थरथर कोणाक हवी, वैनी? तेका संवाद पाठ नाय."