ओल्या कातड्यावरचा अंगठा

तिसऱ्यांदा डाग पडला तेव्हा मात्र सूनबाईचं डोकं फिरलं. पहिल्या वेळी तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या वेळी वाटलं, कातडंच भिकार निघालं. पण तिसऱ्यांदा? संध्याकाळी कामावरून आली, हात धुतले, कातड्यावरचं प्लॅस्टिक उलगडलं आणि बघते तर काय, नक्षीतल्या वेलीच्या शेंड्यापाशी निळाकाळा, बटणाएवढा ठिपका. शाई सांडावी तसा नाही. बोट टेकावं तसा.

"आई, याला कुणी हात लावला?"

"मला काय पिसाळलेलं कुत्रं चावलंय?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्या वासानं मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही."

झालं. म्हणजे कुणीच हात लावला नाही, आणि डाग आपोआप पडला.

ही कातड्याची भानगड घरात आली ती खरं तर सूनबाईसाठी नव्हतीच. ती आली सासऱ्यांसाठी. सासरे किल्लीवाले. चाळीस वर्षं चौकाच्या कोपऱ्यावर बसून त्यांनी अख्ख्या वस्तीची कुलपं उघडली. हरवलेली किल्ली न बघता, नुसत्या कुलपाच्या भोकात डोकावून नवी घासून द्यायचे. दीड वर्षामागे अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात तेवढा गेला तो गेलाच. आणि जीभ सावरूनही माणूस काही बोलेना. मागच्या गॅलरीतलं त्यांचं टेबल, त्याला जखडलेला, किल्ली आवळून धरायचा व्हाइस, कानशी, सगळं एका जुन्या चादरीखाली गेलं. बाबा खुर्ची भिंतीकडे करून बसू लागले. घरातल्या तिघांनाही एकच घोर लागला होता, की हा माणूस असाच बसून संपणार.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "डावा हात चालता ठेवा. नाहीतर आधी तो बसेल, मग त्याच्यामागे माणूसही बसेल." म्हणून सूनबाईनं हौशी लोकांसाठी असतो तो कातडकामाचा संच आणला. पाच ठसे, फिरत्या पात्याचा चाकू, लाकडी हातोडी, कातड्याचे चार तुकडे. बाबांसमोर मांडला. बाबांनी एक ठसा डाव्या हातात घेतला, अंगठ्याच्या नखानं त्याची कड चाचपली आणि परत ठेवला.

"खेळणी आहेत ही," म्हणाले, आणि खुर्ची पुन्हा भिंतीकडे.

आणलेली वस्तू वाया कशी घालवायची, म्हणून सूनबाई स्वतःच बसली. आणि बसली ती बसलीच! चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून फ्रेमीत बसवणारी बाई, हात बारीक कामाला सरावलेले. महिन्याभरात तिला कातड्याचं वेडच लागलं. हौशी मंडळींचं एक प्रदर्शन होतं, त्यासाठी तिनं पिशवीची झडप करायला घेतली, वेलबुट्टीची. सकाळी जाताना कातडं स्पंजनं ओलं करायची, प्लॅस्टिकात गुंडाळून दिवसभर मुरू द्यायची. संध्याकाळपर्यंत ते धड ओलं नाही, धड कोरडं नाही अशा बेताला यायचं. मग त्यावर ठसे ठोकायचे. असं मुरलेलं कातडं भारी हळवं असतं. चुकून नख लागलं तरी जन्मभर राहतं.

एकच रडगाणं होतं. पाच ठशांत पानाचा ठसा नव्हता. "वेल आहे आणि पान नाही! टक्कल पडल्यासारखी दिसते मेली," असं ती रोज हातोडी मारता मारता म्हणायची. शिरा असलेलं बारीक पान तिनं दुकानादुकानांतून शोधलं. मिळालं नाही. घरात सगळ्यांना ते पान तोंडपाठ झालं होतं.

आणि त्यातच हे डाग. आता चोर शोधायचा तर कुठून? सूनबाईनं आधी पाण्यावर संशय घेतला. नळाला गंज असेल म्हणून उकळून गार केलेलं पाणी वापरलं. डाग पडलाच. सासूबाई म्हणाल्या बुरशी असेल, उन्हात घाल. उन्हात घातलं तर कातडं पापडासारखं वाकडं झालं, डाग जिथल्या तिथे. मग तिनं दुकानातलं भिंग घरी आणलं आणि डागाला लावलं. चक्क अंगठा! रेषांसकट. आणि अंगठा ज्या बाजूला कलला होता त्यावरून हात डावा.

आता घरात डावखुरा एकच, तिचा नवरा. तो कामाला कुठे, तर छापखान्यात. काळ्या शाईत!

"हात दाखवा," ती दारातच म्हणाली.

"अगं, आत तरी येऊ दे."

"आधी हात."

नवऱ्यानं हात पुढे केले. नखांत शाई होती, पण ती लाल. त्या आठवड्यात लाल पत्रकं छापत होते. शिवाय तो सकाळी तिच्याबरोबर बाहेर पडायचा आणि तिच्यामागून घरी यायचा. "मी काय उडत येऊन तुझ्या कातड्यावर अंगठा मारून जातो?" तो म्हणाला. "अंगठाबहाद्दर समजलीस का मला?" सासूबाईही हसल्या. सूनबाईला काही हसू येईना. तिला कशाचाच मेळ लागत नव्हता. दिवसा घरात दोघंच. एक त्या खोलीत जात नाही, आणि दुसरे खुर्चीतून उठत नाहीत.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते. आदल्या संध्याकाळीच तिनं चौथा डाग बघितला होता आणि तो ऐन झडपेच्या मधोमध होता. वाढता वाढता ती फणफणत होती. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, एवढं काय त्यात?" आणि तिचा बांध फुटला.

"एवढं काय? महिना घातलाय मी त्यात! ज्यानं कुणी केलंय ना हे, त्याचे हात झडोत!"

बोलून गेली. राग आला की माणूस म्हणतोच असं काहीबाही. मनात काही नसतं. नवऱ्यानं पाण्याचा घोट घेतला, सासूबाईंनी "बरं, जेव आता," म्हटलं. बाबांच्या डाव्या हातातला चमचा मात्र ताटाच्या काठाशी थांबला. त्यांनी तो हळूच खाली ठेवला आणि उठून गेले. ताट अर्धं तसंच.

"यांना आरडाओरडा सोसत नाही हल्ली," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून डाग बंद. एक नाही की दोन नाही. सूनबाईला वाटलं, चला, शापाला घाबरला वाटतं चोर! पण बाबांचं काय बिनसलं तेही कळेना. त्याआधीच्या पंधरा दिवसांत ते जरा सुधारले होते, हे आता ते पुन्हा बिघडल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. मधे स्वतःची दाढी करत होते, ती सोडली. जेवण निम्म्यावर आलं. सासूबाईंनी भरवायला घेतलं तर तोंड फिरवलं. डावा हातही मांडीवर उपडा पडलेला. "काय झालं?" विचारलं की, "काही नाही." डाग गेले आणि माणूस हातचा चालला, याचा एकमेकांशी काही संबंध असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

शेवटी सूनबाई डागाळलेलं कातडं घेऊन कातड्याच्या दुकानदाराकडे भांडायला गेली. "तुमचा माल नासका आहे. डाग फुटतात याला."

दुकानदार म्हातारा आणि खवचट. त्यानं कातडं उजेडात धरलं. "माल नासका नाही ताई. हे लोखंड आहे. झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं आणि लोखंड यांचं जन्माचं वैर. ओल्यावर लोखंडाचा कीस लागला की असं काळं पडणारच. तुमच्याकडे लोखंड घासणारं कोण आहे?"

"आमच्याकडे? कुणी नाही. सासरे होते, पण ते आता..."

"आणि हे कुणी उठवलं?" त्यानं कातडं उलटं केलं. मागच्या बाजूला, कापून टाकायच्या कडेवर, बारीक बारीक खुणा होत्या. सूनबाईनं ती बाजू कधी बघितलीच नव्हती. भिंग लावलं. पहिली खूण नुसताच खड्डा. दुसरी बदामासारखी. तिसरीला मधली शीर, पण वाकडी. पाचवी म्हणजे पान. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, देठासकट पान.

"हातोडीनं मारलेलं नाही, नुसतं दाबलंय," दुकानदार म्हणाला. "एका हाताचं काम दिसतंय."

सूनबाई कातडं गुंडाळून घरी निघाली. अर्ध्या रस्त्यात ती थांबली. हात झडोत. कुणाला म्हणाले मी, कुणाला म्हणाले! रस्त्याच्या कडेला उभी राहून तिनं स्वतःच्याच तोंडावर हात मारला. येणारेजाणारे बघत होते, तिला भान नव्हतं.

घरी सासूबाई झोपल्या होत्या, बाबा भिंतीकडे तोंड करून. ती थेट मागच्या गॅलरीत गेली आणि चादर उचलली. व्हाइसच्या तोंडाशी लोखंडाचा कीस, ताजा, चमकणारा. डब्यात सात मोठे खिळे, प्रत्येकाचं टोक कापून घासलेलं. एकापेक्षा एक सरस. सातव्याच्या टोकावर पान होतं, नुसती डावीकडची एक शीर तिरकी गेलेली. खिळा व्हाइसमध्ये आवळायचा, कानस डाव्या हातात, आणि आजन्म उजव्यानं काम केलेल्या माणसानं हे घासायचं. आईची दुपारची डुलकी लागली की रोज तासभर चालत असणार, आणि ठसा दाबून बघायला कातडं उलटताना कीस लागलेला अंगठा त्यावर टेकत असणार.

ती बाबांसमोर जाऊन बसली. "बाबा, माझं चुकलं. मला माहीत नव्हतं हो."

"काय?"

"ते खिळे..."

"जुने आहेत," बाबा म्हणाले, आणि डोळे मिटले.

रात्रभर तिला झोप नाही. नवरा म्हणाला, पाय धर. सासूबाई रडल्या आणि म्हणाल्या, काही बोलूच नकोस, त्यांना दया नको असते. दोघांचं ऐकून ती आणखीच गोंधळली. मग सकाळी उठून तिनं आपल्याला जे येत होतं ते केलं. कातड्याचा एक नवा तुकडा ओला केला, त्यावर चाकूनं वेल काढली, आणि तो प्लॅस्टिकात नीट गुंडाळून व्हाइसच्या शेजारी ठेवला. चादर घडी करून कपाटात टाकली. जाता जाता दारातून मोठ्यानं म्हणाली, "आई, पान छान झालंय. फक्त डावीकडची शीर तिरकी आहे. तेवढी सरळ झाली तर प्रदर्शनात लावेन, नाहीतर वेल बोडकीच राहील!"

संध्याकाळी बघितलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं केलं, पुन्हा तेच बोलली. काही नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात तिनं एका गिऱ्हाइकाची उजवी काच डावीकडे बसवली आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या. त्या संध्याकाळीही कातडं कोरं. तिला वाटलं, संपलं, एका वाक्यानं माणूस मारला मी.

चौथ्या दिवशी ती चपला न काढताच गॅलरीत गेली. प्लॅस्टिक उलगडलं. वेलीच्या शेंड्याला पान होतं. डावीकडची शीर सरळ, सुतासारखी. आणि त्याच्या खाली, ऐन मधोमध, निळाकाळा अंगठा.

"अगंबाई, परत डाग!" सासूबाई मागून ओरडल्या. "थांब, लिंबू आणते, लिंबानं निघतो म्हणे."

"राहू दे आई. हा नाही काढायचा."

तिनं कातडं उचललं आणि खोलीत गेली. खुर्ची खिडकीकडे वळलेली होती. तिला खूप काही बोलायचं होतं, पण तोंडातून आलं ते नेहमीचंच.

"बाबा, याला कुणी हात लावला?"

बाबांनी डावा हात वर केला. अंगठा काळा होता, नखात कीस होता. त्यांनी तो उलटसुलट करून तिला दाखवला.

"मी," ते म्हणाले. "झडला नाही गं अजून. एक शिल्लक आहे."

आणि मग त्यांनी हात पुढे केला, कातडं दे म्हणून. पान त्यांना पुन्हा एकदा बघायचं होतं.